काँगरीचे पूरमैदान : नदीच्या कलाने चालणारे राष्ट्रीय उद्यान

नदी म्हटली की तिचे पात्र आणि दोन काठ एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सपाट प्रदेशातून वाहणाऱ्या नदीची आणखी एक जमीन असते. पूर आला की पाणी काठ ओलांडून जेथवर पसरते आणि ओसरताना जेथे गाळाचा थर ठेवून जाते, ती ही जमीन होय. भूगोलाच्या पुस्तकांत तिला पूरमैदान म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला ती मळईची जमीन म्हणून ठाऊक आहे आणि शासकीय नकाशांवर निळ्या व लाल पूररेषांनी ती दाखविली जाते. या जमिनीवर माणसाचे आणि नदीचे भांडण फार जुने आहे. जगात बहुतेक ठिकाणी बांध घालून, भराव टाकून किंवा झाडे तोडून माणसाने ती आपल्या ताब्यात घेतली. जेथे ती नदीकडेच राहू दिली गेली अशी ठिकाणे थोडी आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील साउथ कॅरोलिना राज्यातील काँगरी राष्ट्रीय उद्यान हे त्यांपैकी एक आहे. लोक तेथे राहुट्या ठोकून मुक्काम करतात आणि हलक्या होड्यांतून वनात फिरतात. या दोन्ही गोष्टींची तेथील व्यवस्था नदीच्या चढउताराशी कशी जुळवून घेतली आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हे उद्यान राज्याची राजधानी कोलंबिया हिच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. सलूडा आणि ब्रॉड या दोन नद्यांचा कोलंबिया शहरापाशी संगम होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला काँगरी हे नाव मिळते. उद्यानाच्या दक्षिण सीमेवरून वाहत ही नदी पुढे वॉटरी नदीला मिळते व दोघींची मिळून सँटी नदी होते. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०,८०० हेक्टर, म्हणजे २६ हजार एकरांहून थोडे अधिक आहे. अमेरिकेच्या मानाने हा आकार लहानच म्हणावा लागेल. तरीही, त्यातील सुमारे ११ हजार एकरांवर कुऱ्हाड जवळजवळ न लागलेले जुने वन उभे आहे. नदीकाठच्या सखल भागातील रुंदपर्णी वृक्षांचे एवढे मोठे सलग जुने वन त्या देशात दुसरे उरलेले नाही.

पुष्कळ लोक या वनाला दलदल समजतात. १९७६ मध्ये त्याला संरक्षण मिळाले तेव्हा अधिकृत नावातही दलदल हा शब्द होता. वस्तुतः दलदलीत पाणी वर्षाचा बहुतेक काळ साचून राहते. येथे ते येते आणि जाते. वर्षातून सरासरी दहा वेळा नदी काठ ओलांडून वनात शिरते. हे पूर बहुधा हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी येतात, परंतु कोणताही महिना त्यांना सर्वस्वी वर्ज्य नाही. सलूडा आणि ब्रॉड या दोन्ही नद्या वायव्येकडील ब्लू रिज पर्वतरांगेत उगम पावतात. तेथे पाऊस झाला की काही दिवसांनी पाणी खाली येते. त्यामुळे उद्यानात आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ आणि पायाखाली मात्र पाणी चढत आहे, असा प्रकार घडतो. पावसाचा एक थेंबही न पडता पूर येऊ शकतो, ही गोष्ट नवख्या प्रवाशाच्या गळी उतरविणे तेथील वनरक्षकांना सोपे जात नसावे.

पाणी एकदम भिंतीसारखे येत नाही. प्रथम लहान ओहळ भरतात, मग नदीने पूर्वी सोडून दिलेल्या वळणांची डबकी भरतात आणि शेवटी ते झाडांच्या बुंध्यांमधून पसरते. झाडांमुळे त्याचा वेग कमी होतो व त्याच्यातील गाळ खाली बसतो. दरवर्षी अशा प्रकारे नवे खत घातल्यासारखे होते, आणि त्या वनातील झाडांच्या उंचीचे रहस्य यातच आहे. लॉब्लॉली पाइन हा खरे तर कोरड्या जागी वाढणारा वृक्ष, परंतु येथे थोड्याशा उंचवट्यांवर तो ५० मीटरपर्यंत पोहोचला आहे. वरवर पाहता सारे मैदान सपाट दिसते. तथापि कोणते झाड कोठे उगवणार, हे काही इंचांचा चढउतार ठरवितो. अगदी सखल भागात, जेथे पाणी अधिक काळ थांबते, तेथे बाल्ड सायप्रस आणि वॉटर टुपेलो हे वृक्ष आढळतात. त्यांचे बुंधे तळाशी फुगीर असतात. सायप्रसच्या मुळांपासून जमिनीच्या वर लाकडी सुळके निघतात. तेथील लोक त्यांना झाडाचे ‘गुडघे’ म्हणतात. काही गुडघे माणसाहून उंच आहेत. ते कशासाठी असतात, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. भुसभुशीत जमिनीत झाडाला आधार मिळावा, हे एक सुचविलेले कारण होय. मैदानाच्या उत्तर कडेला, उंच धक्क्याच्या पायथ्याशी, चिकणमाती आणि कुजलेल्या पाचोळ्याचा सुमारे आठ फूट जाडीचा काळा थर आहे. पाण्यातील दूषित द्रव्ये गाळून त्यांना निरुपद्रवी करण्याचे काम हा थर विनामूल्य करतो.

वन वाचले कसे?

काँगरी हे नाव या नदीकाठी राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातीचे. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने आणि लढायांनी ही जमात मोडून पडली. पुढे गोऱ्या मळेवाल्यांनी गुलामांकरवी येथे बांध घातले व शेती करण्याचा प्रयत्न केला. पुरात गुरे वाहून जाऊ नयेत म्हणून मातीचे उंच ढिगारे रचण्यात आले, तेही गुलामांच्या श्रमाने. त्या बांधांचे आणि ढिगाऱ्यांचे अवशेष वनात अजून दिसतात. याच वनाची दुसरी बाजूही नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जी अवघड, पाण्याने वेढलेली जागा मालकांना नकोशी वाटे, तीच पळून आलेल्या गुलामांना आसरा देई. तेथे त्यांनी लपून वस्त्या केल्या. गुलामगिरी संपल्यानंतरही आसपासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा मासेमारीच्या निमित्ताने या पाण्याशी संबंध टिकून राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोचे लाकूड व्यापारी फ्रान्सिस बाइड्लर यांच्या कंपनीने सायप्रसच्या लाकडासाठी येथील विस्तीर्ण जमीन विकत घेतली. तोड सुरू झाली. परंतु जमीन इतकी ओली, की जलमार्गापासून दूरच्या झाडांपर्यंत पोहोचणे कठीण होई. शिवाय ताजे तोडलेले पुष्कळ ओंडके पाण्यावर तरंगण्याऐवजी बुडून जात. १९१४ च्या सुमारास काम जवळजवळ थांबले आणि वन पन्नासएक वर्षे तसेच राहिले. कायद्याने या वनाचे रक्षण केले हे खरेच, पण कायदा येण्यापूर्वी ते पुराने केले होते.

पुराचे हे संरक्षण कायमचे नव्हते. १९६९ च्या सुमारास लाकडाचे भाव चढले, यंत्रे सुधारली आणि तोड पुन्हा सुरू झाली. कोलंबियातील ‘द स्टेट’ या दैनिकाचे पत्रकार हॅरी हॅम्प्टन हे १९५० च्या दशकापासूनच या वनाच्या रक्षणाबद्दल लिहीत व बोलत होते. शिकारीची व मासेमारीची आवड असलेला हा गृहस्थ बराच काळ एकटाच बोलत राहिला. आता तोडीची वार्ता पसरताच विद्यार्थी, शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक त्यांच्या मागणीच्या पाठीशी उभे राहिले. जमीन खाजगी मालकीची असल्याने प्रश्न नाजूक होता. अखेर १८ ऑक्टोबर १९७६ रोजी काँगरीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देणारा कायदा झाला व शासनाने जमीन संपादन केली. १९८३ मध्ये युनेस्कोने त्याची जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून नोंद केली. १९८८ मध्ये त्याच्या मोठ्या भागाला निर्मनुष्य वनाचा कायदेशीर दर्जा मिळाला. नोव्हेंबर २००३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्या वेळी नावातील दलदल हा शब्द गळाला.

दरम्यान सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो नावाच्या चक्रीवादळाने कित्येक महावृक्ष एका रात्रीत आडवे केले. पडलेले लाकूड विकून पैसा उभा करता आला असता. प्रशासनाने ते जागच्या जागी पडू दिले. मोडलेल्या खोडांत सुतार पक्षी, वटवाघळे आणि कीटक यांनी घरे केली. वरचे छत उघडल्याने जमिनीपर्यंत ऊन पोहोचले आणि नवी रोपे वर आली.

मुक्कामाची व्यवस्था

प्रवाशाला उद्यानात प्रवेशासाठी शुल्क द्यावे लागत नाही. माहिती केंद्राला हॅरी हॅम्प्टन यांचे नाव दिले आहे. तेथून वनात जाणारी फळ्यांची वाट खांबांवर उचललेली आहे, म्हणून जमीन ओली असतानाही वृद्ध माणसे आणि चाकाच्या खुर्चीवरील अपंग व्यक्ती वनाच्या आतपर्यंत जाऊ शकतात. मोठा पूर आला तर या वाटेचा खालचा भागही पाण्याखाली जातो. अशा वेळी ती बंद ठेवतात आणि पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन पुन्हा खुली करतात.

राहुट्यांसाठी दोन तळ आहेत. लाँगलीफ हा तळ प्रवेशद्वाराजवळ असून तेथे १४ जागा आहेत. ब्लफ हा दुसरा तळ वनात सुमारे दीड किलोमीटर आत असून तेथे ६ जागा आहेत. ब्लफवर मोटार जात नाही, सामान पाठीवर घेऊन चालावे लागते. दोन्ही तळ फक्त राहुट्यांसाठी आहेत. घरासारखी सजविलेली वाहने तेथे आणून लावण्याची सोय नाही. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते व तिचे शुल्क असते. वीज नाही. नळाचे पाणी तळावर नाही, पिण्याचे पाणी माहिती केंद्रावरून भरून न्यावे लागते. शौचालयाची सोय फक्त लाँगलीफला आहे. शेकोटी तळावरील लोखंडी कड्यांतच पेटवायची असते.

सोयींची ही यादी वाचून एखाद्यास वाटेल, की श्रीमंत देशाने येथे हात आखडता घेतला आहे. तसे नाही. दोन्ही तळ पूरमैदानाच्या वर, उंच धक्क्यावर ठेवले आहेत. खाली मैदानात एकही पक्की वस्ती, उपाहारगृह किंवा विश्रामगृह उभारलेले नाही. जेथे वर्षातून दहा वेळा पाणी येते तेथे इमारत बांधली, तर ती वाचविण्यासाठी उद्या बांध लागेल, आणि बांध घातला की ज्यासाठी प्रवासी आला ते वनच राहणार नाही. म्हणून सोयी कमी ठेवणे हाच येथे व्यवस्थापनाचा भाग झाला आहे. पर्यटनस्थळाचा विकास म्हणजे बांधकाम, असे समीकरण ज्यांच्या मनात बसले आहे, त्यांनी काँगरीचा नकाशा अवश्य पाहावा.

ज्यांना मैदानातच रात्र काढायची असेल त्यांना परवाना घ्यावा लागतो. वाट आणि पाणी यांपासून ठरावीक अंतर सोडूनच राहुटी लावायची, कचरा परत न्यायचा, आणि पूर येणार असल्याचे कळताच उठायचे, असा रिवाज आहे. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. अंधारात, ओल्या राहुटीसह, ओळखीच्या खुणा पाण्याखाली गेल्यावर वाट शोधणे कसलेल्या माणसालाही जड जाते.

सीडर क्रीकवरील होडी

उद्यानाचे खरे अंतरंग पाण्यावरूनच दिसते. त्यासाठी वापरतात ती कॅनू ही दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, उघडी होडी असून ती वल्ह्याने चालवितात. पुढचा माणूस प्रामुख्याने गती देतो आणि मागचा दिशा सांभाळतो. होडी हलकी असल्याने दोन माणसे ती उचलून नेऊ शकतात आणि येथे याची गरज पदोपदी लागते. उद्यानात होड्या भाड्याने मिळत नाहीत. कोलंबिया भागातील व्यावसायिकांकडून त्या घ्याव्या लागतात.

सीडर क्रीक हा काँगरीला मिळणारा ओढा असून त्यावरील जलमार्ग बॅनिस्टर ब्रिजपासून काँगरी नदीपर्यंत सुमारे २४ किलोमीटर लांबीचा आहे. पाणी संथ आणि चहाच्या अर्कासारखे काळसर. हा रंग घाणीचा नव्हे, तो पाने व सालींतून उतरलेल्या टॅनिनचा असतो. दोन्ही बाजूंना सायप्रसचे गुडघे, वर झाडांचे छत, मध्ये वल्ह्याचा आवाज. नशीब असेल तर पाणमांजर दिसते. फांद्यांवर ऊन खात पडलेले पाणसाप तर हमखास दिसतात व ते बहुतेक बिनविषारी असतात. कॉटनमाउथ नावाचा विषारी साप मात्र येथे आहे. फांद्या हातांनी बाजूला सारून पुढे जाण्याची सवय म्हणूनच येथे टाकून द्यावी.

सापांपेक्षा झाडे अधिक धोक्याची आहेत. ओढ्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळणीतून जावे तसे आरपार जाते, परंतु होडी आणि माणूस अडकतो. प्रवाह संथ असताना हे अडथळे म्हणजे उतरून होडी पलीकडे ओढून नेण्याचा त्रास एवढेच. पाणी वाढले की तेच प्राणघातक ठरतात. वाढलेल्या पाण्याचा दुसरा दोष असा, की ओढ्याचे काठच नाहीसे होतात. एरवी जलमार्गावर खुणा लावलेल्या असतात, पण सारे वनच पाण्याने भरले म्हणजे प्रवाह कोठे आणि वन कोठे हे कळत नाही. प्रत्येक दिशेला सारखीच झाडे आणि सारखेच पाणी. भ्रमणध्वनीचा संपर्कही भरवशाचा नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपण कोठून निघणार, कोठे उतरणार आणि केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्या माणसाला लिहून द्यावे, असा तेथे आग्रह धरला जातो. होडीतील प्रत्येकासाठी तरंगजाकीट असलेच पाहिजे, आणि ते होडीच्या तळाशी ठेवण्यापेक्षा अंगात असलेले बरे.

पाण्याची पातळी समजण्याची सोय चांगली आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची जलमापन केंद्रे सीडर क्रीकवर आणि काँगरी नदीवर आहेत आणि त्यांची मोजमापे सर्वांना पाहता येतात. दोन्ही आकडे पाहावे लागतात. स्थानिक पावसाने ओढा चढतो. काँगरी फुगली तर तिचे पाणी ओढ्याच्या मुखातून मागे चढते, मग ओढ्याच्या माथ्यावर पाऊस झालेला असो वा नसो. पाणी फार कमी असले तरी अडचण होतेच, कारण प्रत्येक ओंडका उघडा पडतो आणि होडी वाहण्यापेक्षा खांद्यावरच जास्त राहते.

अधिक अनुभवी प्रवाशांसाठी कोलंबिया शहरापासून उद्यानापर्यंत काँगरी नदीवरील सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग आहे. हा प्रवास एका दिवसात उरकण्याचा नाही. वाटेत लोक नदीतील वाळूच्या पट्ट्यांवर मुक्काम करतात. पांढरी, सपाट, डासांपासून काहीशी दूर अशी ही जागा मोह घालणारी खरी. परंतु वर सलूडा नदीवर १९३० मध्ये पूर्ण झालेले धरण आहे. तेथून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की नदीची पातळी वाढते. संध्याकाळी कोरडी असलेली वाळू पहाटे ओली होऊ शकते. जाणते लोक होडी उंचावर ओढून झाडाला बांधतात, आणि राहुटी पाण्याच्या कडेपासून दूर, पट्ट्याच्या सर्वांत उंच भागावर लावतात.

ऋतूचा विचार करता शरद आणि वसंत हे दोन काळ सोयीचे. उन्हाळ्यातील दमट उष्मा त्रासदायक असतो आणि डासांची तर कीर्तीच आहे. माहिती केंद्रावर डासांचा एक गमतीदार मापक टांगलेला आहे. त्याची पहिली खूण ‘सारे ठीक’ असे सांगते आणि सहावी ‘युद्धभूमी’ असे. शासकीय फलकावर विनोद क्वचितच आढळतो. येथे तो आहे आणि उपयोगीही आहे, कारण सूचनांचे लांब पत्रक न वाचणारा मनुष्यही काटा कोठे आहे ते पाहतोच.

मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत येथे एका जातीचे काजवे एकाच वेळी लुकलुकतात. क्षणभर सारे वन उजळते, क्षणभर अंधार होतो. हे पाहण्यासाठी इतकी गर्दी होऊ लागली, की पायांखाली काजव्यांच्या माद्या चिरडू लागल्या आणि विजेऱ्यांच्या प्रकाशाने त्यांची खूण बिघडू लागली. आता त्या काळात ठरावीक रात्री वाहनांना सोडत काढून परवाने देतात, वाट आखून देतात आणि विजेरीवर लाल कागद लावण्यास सांगतात. ज्यांना सोडतीत परवाना मिळत नाही ते दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करतात.